देशमुखाची ओंजळ

लोक म्हणत, माझ्या बापाचा, उकंडाचा, यवतमाळच्या स्टेशनावर भारी जीव. होताच. काळ्या दगडाच्या भिंती, सागवानी बाकं, चकचकीत पितळी घंटा, हे सारं तो पाहुण्यांना मालकाच्या थाटात दाखवायचा. पण त्याचा जीव तिथं कशात अडकलाय, ते आम्हा घरच्यांनाच ठाऊक होतं.

माझी आजी सत्यभामा एकदा भर मे महिन्यात त्या फलाटावर पाणी प्यायला वाकली. पाणीवाला तिच्या ओंजळीत वरून धार सोडत होता. दोन घोट होतात न होतात तोच आमच्या गावचा देशमुख खेकसला, "बस कर बे! पह्यले माहा तांब्या भर." धार थांबली, गाडी आली, आजी तहानलेलीच चढली. बाप गाठोडं घेऊन शेजारी उभा होता.

छप्पनला आम्ही बौद्ध झालो. पुढच्याच वर्षी बाप त्याच स्टेशनावर पाणीवाला म्हणून लागला. दुसरी नोकरी मिळत होती, त्यानं घेतली नाही. येईल त्याच्या हाती तो भरला गिलास द्यायचा, जात विचारायचा नाही. वाट मात्र एकाचीच पाहायचा. देशमुख यायचा, पण घरून फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून आणायचा. चार उन्हाळे असेच गेले. बाप घरी येऊन आमच्यावर डाफरायचा.

एकसष्टच्या मे महिन्यात गाडी तीन तास खोळंबली. देशमुखाचा तांब्या आटला. घशाला कोरड पडली तेव्हा तो मुकाट आला आणि गिलासाकडे हात केला. बापानं गिलास मागं घेतला.

"ओंजळ धरा, मालक."

अख्ख्या फलाटासमोर देशमुख वाकला. बापानं हात पोचेल तितक्या उंचावरून धार सोडली. मिशा निथळल्या, धोतर भिजलं, तरी तो पीतच होता. मी सागवानी बाकावर बसून पाहत होते. मला फार बरं वाटलं. आजही वाटतं, आणि त्याची मला लाज नाही.

संध्याकाळी बापानं छाती फुगवून आजीला सारं सांगितलं.

"पोटभर पेला का?" तिनं विचारलं.

"हो माय, पोटभर."

"काहून पाजलं पोटभर? मले त दोन घोटांतच थांबोलं होतं त्यानं."

दुसऱ्या दिवसापासून बाप पुन्हा देशमुखाची वाट पाहू लागला.