अमावस्येची तारीख

जिंतूरच्या एका कॉम्प्युटर क्लासात मी ऑपरेटर होते. मशीनची बॅटरी कधीच मेली होती, म्हणून रोज सकाळी ते तारीख विचारायचं. ती टाकायचा मान क्लासच्या मालकांचा, आमच्या सरांचा.

माझी थोरली बहीण परभणीला सासरी. कॉलेजात तासांवर शिकवायची. त्या दिवशी ती प्रबंध प्रिंट करायला आमच्याकडं आली होती. संध्याकाळच्या एसटीनं तिला विद्यापीठात जायचं होतं, प्रबंध द्यायची दुसऱ्या दिवशी शेवटची मुदत. ती हुकली की कॉलेजातली कायमची जागा दुसऱ्याला. त्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून कधी बंद पुकारतील आणि गाड्या थांबतील, नेम नव्हता.

प्रबंधाचं आधीचं सगळं टायपिंग आमच्या मशीनवर होतं, पण शेवटचं प्रकरण ताईनं आदल्याच दिवशी कॉलेजच्या मशीनवर नव्यानं लिहिलं होतं. तिथं काही ठेवू देत नसत. जे होतं ते फ्लॉपीवरच.

फ्लॉपी आणि आमचं मशीन सारखं करायला सरांनी एक कमांड बांधून ठेवली होती. आधी फ्लॉपीवरून मशीनवर, मग मशीनवरून फ्लॉपीवर. जिची तारीख नवी ती फाईल जुनीवर बसणार, एवढाच नियम. मध्ये स्क्रीन थांबायची, कळ दाबली की दुसरी फेरी सुरू.

मी कमांड दिली. पहिली फेरी संपली आणि फ्लॉपीवरून एकही फाईल आली नाही!

"न्हाई आली म्हंजी हाय तेच बरोबर असंल," सर म्हणाले. "दाब कळ. लाईट कवा जाईल भरोसा न्हाई."

"थांबा हो सर! तिनं काल दिवसभर लिहिलंय, आन नवं काहीच न्हाई? असं कसं?"

सर वैतागले, त्यांनी हात पुढं केला. मी सरळ कीबोर्ड ओढून पोटाशी धरला. लय भीती वाटत होती, पण सोडला नाही. ताईचं तोंड पांढरंफटक पडलेलं.

कमांड तिथंच तोडली आणि फाईलींच्या तारखा बघितल्या. ताईच्या प्रकरणाला कालची तारीख. आमच्या मशीनवरच्या जुन्या प्रकरणाला आजची. पण समास सारखे करायला मी त्याला हात लावला होता तो काल!

"सर, काल तारीख कोणती टाकली तुमी?"

"काल आवस होती ना. आवसंला काम कसं सुरू करायचं? म्हणून आजचीच टाकली. मशीनला काय कळायलंय?"

"अहो, मशीनला तेवढंच कळतंय!"

एक कळ दाबली असती तर आमचं जुनं प्रकरण ताईच्या नव्यावर बसलं असतं. मी तिची फाईल हातानं उतरवून घेतली आणि प्रिंटर सुरू केला. सर कागद लावू लागले.

पानं बाहेर येताना बघून ताईला रडूच फुटलं.

"आवस होती म्हणून तर सासरचे सगळे देवाला गेले होते गं," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून तेवढाच एक दिवस माझा होता."