अर्धा ळ

उत्साहाची साथ येत असती, तर अख्ख्या भंडारा जिल्ह्याला ती आमच्या मामाजींपासूनच लागली असती. एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपास एकोडीजवळच्या एका खेड्यात ते प्राथमिक शाळेचे गुरुजी होते आणि मी शिकायला त्यांच्याकडेच राहायचो. मामाजींना चालता येत नसे, धावताच येई. सायकलला घंटी असूनही ते स्वतःच "हटा, हटा!" ओरडत जात, आणि पाढे सांगताना इतके रंगत की सतराचा पाढा अठरात शिरे. आम्हाला तेवढीच गंमत.

शेजारच्या मंजुळेला जन्मापासून दिसत नव्हतं. ती शाळेच्या ओसरीवर बसून आतले पाढे म्हणायची. हे कळताच मामाजी तिच्या वडिलांकडे धावले.

"तिले दिसतच नाही गुरुजी, शारेत कायले टाकू?"

"मले तरी गणित कुठं दिसते? तरी शिकवून राहिलो ना!"

दुसऱ्या दिवशी मंजुळा पहिल्या रांगेत!

मग काय विचारता! धानाच्या तणसाला, म्हणजे पेंढ्याला, पीळ देऊन अक्षरं करायची आणि तिच्या बोटांखाली द्यायची, अशी युक्ती मामाजींनी काढली. सगळी शाळा तणस वळायला बसली. "अंथरुणात बी ज्ञ सापडते!" म्हणून मामी कावायची. वर्षभरात मंजुळा वाचू लागली. पण तपासणीला नवे साहेब यायचे होते, आणि मुलीला वाचता येत नसेल तर पटावरून नाव कमी करा, असा त्यांचा निरोप होता. नेमका त्याच सकाळी कुणाचा तरी बैल वर्गात शिरला आणि सगळी बाराखडी खाऊन गेला. आम्ही रडकुंडीला आलो. मामाजी बैलाकडे कौतुकाने बघत म्हणाले, "हा तरी शिकला!"

साहेब आले. मामाजींनी त्यांच्याकडून कानात एक शब्द मागितला. साहेबांनी 'कमळ' सांगितलं. मामाजींनी न बोलता एकेका पोराला ओढून जमिनीवर आडवं केलं. कुणी क-ची दांडी, कुणी म-ची. ळ-ला दोन गोल लागतात. डाव्यासाठी मी अंग मुडपून पडलो. उजव्याला पोरगं उरलं नव्हतं, तेव्हा मामाजी धोतर सावरत स्वतःच साहेबांच्या पायाशी गोल होऊन पडले. मंजुळा आमच्या अंगावरून हात फिरवत सरकली. गुदगुल्यांनी म-ची दांडी फिदीफिदी हसली. शेवटी मामाजींच्या टकलावर हात ठेवून ती म्हणाली, "कमर!"

"चूक. हे कमळ आहे," साहेब म्हणाले.

मामाजी पडल्या पडल्या ओरडले, "साहेब, आमच्या इथं ळ बोलतच नाही कोणी! तिले विचारा, कोणतं कमर?"

"बोडीच्या पान्यातलं फूल," गावतळ्याच्या दिशेला बोट करत मंजुळा म्हणाली.

साहेबांनी खात्री करायला फळ्यावर 'कमळ' लिहिलं आणि आम्हाला वाचायला सांगितलं. डोळस शाळा एका सुरात गरजली, "कमर!" साहेब हसता हसता खुर्चीत बसले. मंजुळेचं नाव पटावर राहिलं, आणि मामाजी अंगाची धूळही न झटकता ते सांगायला तिच्या घरी धावत सुटले.

मामाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. फार आठवण येते त्यांची. अजूनही ळ लिहिताना डावा गोल काढला की माझा हात जरा थांबतो. उजवा मामाजींचा आहे.