दादाच्या दहाव्याला नेलेला टब

आता हसू नका हं, आधीच सांगतो. सख्ख्या भावाच्या दहाव्याला मी जे करून ठेवलं, ते आठवून आई अजून कपाळावर हात मारते.

दादा जळगावच्या कॉलेजात गांडुळांवर संशोधन करायचा. केळीच्या बागेत एवढी औषधं मारतात, तरी काही गांडुळं जगतात. त्यांच्या अंगातलं कुठलंसं प्रोटीन त्यांना वाचवतं म्हणे. ते शोधायला सरकारनं अनुदान दिलेलं! गांडुळांचा टब आमच्याच मागच्या पडवीत. एकदा थंडीत गारठतील म्हणून मी तो दिवसभर उन्हात ठेवला. तेव्हापासून दादाचं एकच, "तू फक्त हात लावू नको!"

आणि दादाच गेला. हायवेवर, गाडीवरून पडून.

दहाव्याला तापीकाठी पिंड ठेवला. झाडभर कावळे, पण एकही खाली येईना!

नाना, म्हणजे आमचे चुलते, पिंडाला हात जोडून म्हणाले, "तुह्या आईले आम्ही सांभाळू रे."

कावळे ढिम्म.

"बहिणीचं लग्न करून देऊ."

ढिम्म! आई हुंदके द्यायला लागली. दादा मध्येच अडकला की काय?

त्याच्या कॉलेजातल्या, संशोधनाच्या मॅडम आल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "सोमवारी दिल्लीचे साहेब गांडुळं बघायला येणार. ती नसली तर अनुदान बंद. त्याला तीच काळजी होती."

झालं! मुंडण केलेलं डोकं, ओलं धोतर, तसाच गाडीवर बसलो. घरून टब आणला, पिंडाशेजारी ठेवला, झाकण उघडलं.

"दादा, बघ! सगळी जिवंत आहेत!"

बघितलं. पण कावळ्यांनी.

अख्खं झाड खाली उतरलं हो!

"काय करू राह्यला रे येड्या!" नाना ओरडले.

"अनुदान खाताहेत!" मॅडम किंचाळल्या आणि छत्री घेऊन धावल्या.

मी उपरणं फिरवतोय. दादाचं एवढंच उरलं होतं, तेही मी घालवलं? मॅडमनी कसंबसं झाकण लावलं, पण त्यांचा चेहरा बघायची माझी हिंमत होईना. मी पिंडासमोर कोसळलो.

"दादा, चुकलो रे! तुझ्या गांडुळांना पुन्हा हात लावणार नाही! मॅडमच सांभाळतील!"

शब्द तोंडातून पडायचा अवकाश, एक कावळा टुणकन पुढे आला आणि त्यानं पिंडाला चोच मारली.

मॅडमनी झाकण किलकिलं करून माती चाचपली. "तळाशी आहेत बरीच. पुरतील."

नानांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"घ्या! आईची नाही, बहिणीची नाही. याचीच धास्ती होती त्याले!"