त्याच्या मायले कोनी सांगतलं?

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की मला असोद्याच्या शेतातली ती भरीत पार्टी आठवते. सुपरहिरोंच्या सिनेमांच्या मालिकेचा सातवा भाग सकाळीच जळगावात पाहून आम्ही दोघं मित्र तिथं पोचलो होतो, तेही भांडतच. हिरोला मारलं ते बरंच झालं, असं माझं मत. तिसऱ्या भागापासून तो नुसता रडत होता. मित्र इतका चिडला, की माझ्या गाडीवर परत बसणार नाही म्हणाला. त्याची आत्या, म्हणजे सगळ्यांची अक्का, लाकडी बडगीत वांगी ठेचत ऐकत होती. हात थांबवून तिनं विचारलं, "तो मेला हे त्याच्या मायले कोनी सांगतलं रे?" सातही भाग तोंडपाठ असलेले आम्ही बोटांवर एकेक भाग मोजत आठवू लागलो. त्याला आई आहे की नाही, हे एकाही भागात नव्हतं! मग जे हसू फुटलं, त्यात भांडण कुठल्या कुठे गेलं आणि दोघं एकाच केळीच्या पानावर जेवलो. परवा नवव्या भागात तो हिरो जिवंत परतला. मेलेल्याला परत आणणं हा निव्वळ धंदा, असं मी मानतो. तरी पहिली शिट्टी माझीच होती. मध्यंतर होताच अक्काला फोन लावला. "अक्का, तो आला!" ती म्हणाली, "मंग जेवला का काही?"