जीपगाडीनं लावलेली हळद

हसणार असाल तर आधी तो चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल आणि खापर माझ्यावर फुटेल. कारण हा घोटाळा दुसऱ्या कुणाचा नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या एकट्याच्या हातचा आहे.

लढाई संपली आणि लष्करानं आपल्या जुन्या जीपगाड्या लिलावात काढल्या. मी एक घेतली. काय ती गाडी, अहाहा! गावाच्या शिवेवर धुरळा उठला तेव्हा लोकांना वाटलं वावटळ आली. धुरळा बसला, तर आत मी! म्हातारी माणसं हात जोडून उभी राहिली. बायकांनी पोरं पदराआड घेतली. ब्रह्मदेशची लढाई बघून आलेली गाडी हो! पत्र्याला गोळ्यांची भोकं. ती गोळ्यांची नसून गंजाची होती, हे पुढं कळलं. पण तोवर मी एकेका भोकाची वेगळी लढाई सांगून बसलो होतो.

आता गाडी म्हटल्यावर तिचे लाड आलेच. ढकलल्याशिवाय ती सुरू होत नसे, म्हणून मी तिला कायम उताराला लावायचो. सपाटीवर राहणाऱ्या मित्रांशी माझी दोस्तीच तुटली! पेट्रोल परवान्यावर मिळायचं, आणि ही प्यायची अशी, की शेजारून वास काढत गेलेला माणूस झिंगावा. टायर मिरजेत शोधा, स्प्रिंगचे पाटे कराडला ठोकून आणा. ब्रेक तीनदा दाबायचा. दोनदा ब्रेकसाठी आणि एकदा औंधच्या यमाईसाठी. उरलेले दिवस ती सांगलीच्या मिस्त्रीकडं माहेरपणाला.

पण सगळ्यांत वाईट खोड पाण्याची. पुढच्या बाजूला तिचं जाळीदार पोट असतं, मिस्त्री त्याला रेडीटर म्हणायचा. त्यात पाणी भरायचं. ते गळायचं. गळालं की गाडी तापायची आणि नाकातून वाफ सोडत उभी राहायची.

मिस्त्री म्हणाला, "त्यात काय हाय? पुन्हा गळाय लागली की चिमूटभर हळद टाका आत. फुगून बसती, भोक बुजतंय."

सांगलीचा मिस्त्री! हळदीशिवाय दुसरं औषध सांगेल कशाला?

आणि मग निघालं माझ्या मेव्हण्याचं, सदाचं लग्न. सदा पलटणीत ड्रायव्हर, रजेवर आलेला. मुलगी आष्ट्याची. माझी सासुरवाडी तिथून पाच कोसांवर. सकाळी नवऱ्याला हळद लावायची, त्याच्या अंगाची उरलेली उष्टी हळद नवरीकडं पोचवायची, ती नवरीला लागली की मग गोरज मुहूर्तावर लग्न. हळद पोचली नाही तर नवरी बोहल्यावर चढत नाही. एवढी जोखमीची ती हळद!

सासरे म्हणाले, "बैलगाडीनं धाडतो. माझा बैल आजवर कवा वाफ सोडत हुबा ऱ्हायला न्हाई."

"मामा," मी म्हणालो, "तुमचे बैल जुवाखाली मान घालायच्या आत आम्ही आष्ट्यात!"

"जावईबापू, पोराचं लगीन हाय. चेष्टा न्हवं."

"चेष्टा कसली? गाडी लढाईतली आहे!"

सगळ्या भावकीनं ढकललं आणि आम्ही निघालो. मी चाकाशी, शेजारी नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे आमची ही. मांडीवर हळदीचा पितळी डबा. काय सांगू तो थाट! उसातली माणसं कोयते टाकून बांधावर आली. एकानं तर फेटा काढून मुजरा केला. मीही मान तुकवली. छत्रपतींनी सुद्धा इतक्या सहज तुकवली नसेल.

निम्मी वाट झाली आणि खालून टिपटिप सुरू झाली.

"गळाय लागली वाटतं," ही म्हणाली.

"घाम आहे तो."

"मग थांबवा. आनते पानी." आणि डबा बाकावर ठेवून ती कळशी घेऊन विहिरीकडं गेली.

मी गळती बघतोय. डबा माझ्याकडं बघतोय. मिस्त्री म्हणाला होता, चिमूटभर. आता तुम्हीच सांगा, अख्ख्या डब्यातली चिमूट कुणाला कळणार होती? टाकली. टिपटिप थोडी मंदावली. वा! मग डोकं चाललं माझं. चिमटीनं एवढा गुण, तर मुठीनं केवढा? मूठ टाकली. आणखी मंदावली. मग मात्र माझा हात माझ्या ताब्यात राहिला नाही. ही कळशी घेऊन आली तेव्हा गळती ठार बंद होती, आणि डब्याचं झाकण घट्ट लावून मी आभाळाकडं बघत शीळ घालत होतो.

"थांबली?" हिनं आ वासला.

"विद्या असते एकेकाच्या हातात," मी म्हणालो.

आष्ट्याच्या वेशीत शिरलो तेव्हा गाडी घशातून असे आवाज काढत होती, जसा काही आत वाघ कोंडलाय. वाजंत्री वाजत होती ती थांबली. मांडवातलं सगळं माणूस बाहेर आलं. नवरीची आत्या, घरातलं मुख्य बाईमाणूस, पंचारती घेऊन पुढं आली आणि दहा पावलांवर थबकली.

"आवं पाव्हणं, ही चावती का काय?"

"लांबून ओवाळा," मी म्हणालो.

आमच्या हिनं डबा उघडला. आत बघितलं. उलटा केला. मग माझ्याकडं बघितलं. ती नजर मी अजून विसरलो नाही.

"हळद कुठाय?"

"गाडीत."

"गाडीत कुठं?"

मी बोटानं दाखवलं. पुढचं पोट.

कुणीतरी हुंदका दिला. आतून नवरी धावत उंबऱ्यापर्यंत आली, पिवळं पातळ नेसून, हातपाय उघडे करून हळदीची वाट बघणारी पोर. तिचा चेहरा बघून माझं काळीज हललं. म्हटलं, आपण घातली, आपणच काढू! हाताला उपरणं गुंडाळलं आणि रेडीटरचं झाकण फिरवलं.

धडाड!

काय ते दृश्य! पिवळाजर्द फवारा थेट लिंबाच्या शेंड्यापर्यंत गेला. वर जाऊन फुलला, निवला आणि सावकाश खाली आला. मांडव पिवळा. वाजंत्री पिवळे. भटजींची शेंडी पिवळी. उंबऱ्यातली नवरी डोक्यापासून पायापर्यंत पिवळी. मी तर झाकणापाशीच होतो, माझं काय विचारता! मग मागून कुणीतरी ओरडलं, "येळकोट येळकोट जय मल्हार!" आणि निम्मं आष्टं जीपगाडीपुढं आडवं झालं.

"लागली गं बाई हळद पोरीला!" आत्या म्हणाली.

पण भटजींनी डोळे पुसले आणि घोळ घातला. "हळद नवऱ्याच्या अंगाची खरी. पण मधे मोटारीच्या पोटात जाऊन आली. म्हणजे आता उष्टी कुणाची? मोटारीची."

"मंजी आमची पोरगी मोटारीला दिली?" आत्या कडाडली.

"उपाय आहे. मोटार नवऱ्याच्या मालकीची करा. मग मोटारीचं ते नवऱ्याचं."

माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत ही म्हणाली, "दिली!"

दुपार कलताना बैलगाड्यांतून वऱ्हाड आलं. सदानं सगळं ऐकलं. मुंडावळ्या सावरत गाडीभोवती एक फेरी मारली. वाकून खाली बघितलं. ड्रायव्हर माणूस तो.

"दाजी," तो हात जोडून म्हणाला, "मी पुन्यांदा हळद लावून घेतो. ऱ्हायलेली पोरीला लावा. पायजेल तर दोनदा लावा. पन ही माझ्या नावावर करू नगा!"

झालं! तासाभरात नव्यानं हळद वाटली, आधी त्याला लागली, मग तिला, आणि गोरजावर अक्षता पडल्या.

दुसऱ्या दिवशी परतीला सासऱ्यांनी आपली खिल्लारी जोडी जीपला जुंपली. ते पुढं कासरा धरून चालत, आणि मी वर चाकामागं, अजून पिवळाच, कारण सांगलीची हळद एका अंघोळीत जात नाही. वाटेत माणसं हात जोडत होती. एक म्हातारी आडवी आली, गाडीपुढं डोकं टेकवलं आणि सासऱ्यांना विचारलं, "कुठला द्येव म्हनायचा ह्यो, बाबा?"

सासऱ्यांनी मागं वळून सुद्धा बघितलं नाही.

"द्येव न्हवं आज्जे, जावई हाय. द्येव असता तर कवाच कृष्णंत सोडला असता."