उत्तर येईपर्यंत

कुमुद मॅडम गेल्याचं मला चारोटीला कळलं. कैनाडहून तलासरीला शाळेत जाताना मी रोज तिथे मोटरसायकल लावून चहा घेतो, आणि चहा यायच्या आत फोन उघडतो. आमच्या जपानी शिकवणाऱ्या शिक्षकांच्या ग्रुपवर हिना मॅडमनी बातमी टाकली होती आणि तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘मातृतुल्य व्यक्तिमत्त्व’, ‘प्रेमळ मार्गदर्शक’... प्रेमळ! ज्या बाईनं ह्यातल्या प्रत्येकाला एकदा तरी रडकुंडीला आणलं, ती गेल्याबरोबर प्रेमळ झाली. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. मी काहीच लिहिलं नाही. चहा प्यायलो आणि शाळेत गेलो.

मग वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांचा फोन आला. तुम्ही त्यांच्या हाताखाली सगळ्यात जास्त शिकलात, चार शब्द लिहा म्हणाले. मी म्हटलं लिहीन, पण ते गोड असतील ह्याची हमी नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मलाही कळतं. पण असताना तरी त्यांनी कुठे कोणाला बोलू दिलं? काही आठवडे मी मुद्दाम थांबलो, राग निवेल म्हणून. निवला नाही, तेव्हा आहे तसं लिहितो.

कुमुद मॅडमनी मुंबईत वर्षानुवर्षं कंपन्यांतल्या इंजिनियरांना जपानी शिकवलं. मधली काही वर्षं त्या जपानातच होत्या. यजमान निवृत्त झाल्यावर दोघं डहाणूला, सासरच्या चिकूच्या वाडीत राहायला आली आणि यजमान लवकरच गेले. आता बाईनं वाडी बघावी, नातेवाईक बघावेत, तर नाही. त्या सुमाराला इकडच्या एका संस्थेनं हायस्कुलांत जपानी सुरू केलं होतं. बुलेट ट्रेनचे खांब आमच्या शिवारात उभे राहत होते, जपानात कामाला माणसं हवीत असं जो तो सांगत होता, आणि माझ्यासारखे भूगोल-मराठीचे मास्तर मुलांच्या दोन धडे पुढे राहून ‘हे काय आहे? हे पुस्तक आहे’ शिकवत होते. तेवढं आम्हाला जमत होतं. पण वरच्या वर्गात पाठ केलेलं चालत नाही. तिथे मुलानं स्वतःचं मत सांगायचं, त्याचं कारण द्यायचं, कोणी उलट बोललं तर त्यालाही उत्तर द्यायचं, आणि हे सगळं जपानीत. तो वर्ग घेणारे शिक्षक तयार करायचं काम संस्थेनं मॅडमवर सोपवलं. त्या ‘तयार’ म्हणेपर्यंत कुठल्याच शाळेत वरचा वर्ग उघडायचा नाही, असं ठरलं. माझ्या तलासरीच्या शाळेत मुलं त्या वर्गाची वाट बघत होती, आणि त्यांत सुनीता होती. माझं सगळं लक्ष त्या मुलीवर होतं.

दर शनिवारी डहाणू रोडला स्टेशनजवळच्या एका शाळेत आम्ही जमायचो. एकानं पाठ घ्यायचा, त्या शाळेतल्या थोड्या मुलांबरोबर बाकीच्यांनीही विद्यार्थी व्हायचं, आणि पाठ संपला की प्रत्येकानं त्यातल्या चुका सांगायच्या. आता आपल्याकडची रीत काय? कोणाचा पाठ बघितला की ‘छान झाला सर’ म्हणायचं आणि चहाला जायचं. मॅडमनी पहिल्याच दिवशी ‘छान’ ह्या शब्दावर बंदी घातली. चुका सांगितल्याशिवाय चहा नाही! आम्ही सगळे अळीमिळी गुपचिळी. उद्या आपला पाठ आहे, आज दुसऱ्याला कशाला दुखवा? चहा समोर थंड व्हायचा आणि बाई खुशाल खिडकीबाहेर बघत बसायच्या. शेवटी कोणीतरी काहीतरी बोलायचं, मग ज्याच्याबद्दल बोलायचं त्याचं तोंड उतरायचं, आणि त्यांची आठवडाभर बोलचाल बंद. बोर्डीच्या हिना मॅडम, ज्या घरी गुजराती आणि शाळेत मराठी बोलतात, त्या तेवढ्या हसून घ्यायच्या. मी पेटलो की हळूच म्हणायच्या, ‘जवा दो ने, सर.’ पण मला कधी काही सोडून देता आलेलं नाही.

माझा पाठ आला तेव्हा मी चांगली तयारी केली होती. शिकवलंही झकास, म्हणजे मला तसं वाटलं. आम्ही मास्तर कसे शिकवतो हे तुम्हीही शाळेत बघितलं असेल. अर्धं वाक्य आपण म्हणायचं आणि अर्धं वर्गाकडून काढायचं. ‘पृथ्वी सूर्याभोवती...?’ ‘फिरते!’ असा सगळा वर्ग ओरडला की मास्तर खूश. मी जपानीतही तेच केलं. मॅडमनी मला मध्येच थांबवलं. सगळ्यांसमोर विचारलं, आत्तापर्यंत एक तरी अख्खं वाक्य मुलांनी स्वतः केलं का? मी म्हटलं, मुलं अडली होती, मी मदत केली. त्यावर त्या जे बोलल्या ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

‘मदत नाही, सर. तुम्ही मुलांच्या तोंडातला घास काढून स्वतः खाता. प्रश्न विचारलात ना? आता उत्तर येईपर्यंत थांबा.’

माझं डोकंच तडकलं. इतकी वर्षं नोकरी झालेली, माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज तलाठी-ग्रामसेवक झालीत, आणि ही बाई मला मुलांचा घास खाणारा ठरवते! पण वर्ग हवा होता म्हणून गिळलं. शनिवारामागून शनिवार मी प्रश्न विचारून दात आवळून उभा राहायचो. शांतता झाली की माझ्या घशाशी शब्द यायचे, आणि आले की मॅडम मागच्या बाकावरून हात वर करायच्या. त्या हाताची मला स्वप्नं पडायला लागली होती.

खरं सांगू? त्यांचं म्हणणं मला थोडं पटायला लागलं होतं. डहाणूच्या मुलांना वेळ दिला की ती बोलायची, हे मी डोळ्यांनी बघत होतो. पण ती दुकानदारांची, रेल्वेवाल्यांची, सरकारी बाबूंची मुलं. त्यांना गप्प राहून विचार करायची सवय असेल. आमच्या पाड्यावरचं पोर गप्प राहतं ते विचार करतं म्हणून नाही. त्याचा बाप तहसील कचेरीत गप्प राहतो, आई दवाखान्यात गप्प राहते, तसंच तेही राहतं. हे मी मॅडमना एकदा सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढचा पाठ सुरू केला.

मग एक दिवस त्या माझा वर्ग बघायला तलासरीला आल्या. सुनीता म्हणजे माझी सगळ्यात हुशार मुलगी. घरी वारली, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, आणि जपानी तर अशी बोलायची की मलाच दोन वेळा पुस्तक बघावं लागायचं. मॅडमनी खडू माझ्या हातातून घेतला आणि तिला उभं केलं. प्रश्न काय विचारला? तुमच्या गावातून रेल्वेचे खांब गेले, ते चांगलं झालं की वाईट, मत सांग आणि कारण दे. त्या खांबांत गेलेल्या जमिनीवरून सुनीताच्या घरात तिचा बाप आणि काका वेगळे झाले होते. एका अंगणात दोन चुली, आणि कोणी कोणाचं तोंड बघत नव्हतं. सगळ्या वर्गाला हे ठाऊक होतं, नव्हतं ते फक्त मॅडमना. मी पुढे होऊन सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. तोच हात. आणि त्या थांबल्या.

सुनीता उभी. आधी फळ्याकडे बघत होती, मग बाकाकडे, मग कुठेच नाही. वर्गात कोणी हलेना. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी बाई शांत, जशी काही स्टेशनवर गाडीची वाट बघतायत. मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा हात वर. शेवटी तास संपल्याची घंटा झाली, तेव्हा ती पोर बसली.

दुसऱ्या दिवसापासून सुनीता जपानीला आली नाही. मी तिच्या पाड्यावर गेलो, समजावलं, तिच्या आईला मध्ये घातलं. ती एवढंच म्हणाली, ‘सर, मला नाय परत तिथं उभं राहायचं.’ पुढच्या शनिवारी मी मॅडमना सगळ्यांदेखत विचारलं, की तुम्ही चुकलात हे तरी मान्य करा. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. प्रश्न बरोबर होता आणि उत्तर तिच्याकडे होतं, असं म्हणाल्या. आणि वर मलाच, की तिची शांतता तुम्हाला सोसवली नाही, तिला सोसत होती. मी ताडकन उठून बाहेर गेलो. हिना मॅडमनी मला परत आणून बसवलं. मी बसलो, कारण बाकीच्या मुलांसाठी वर्ग हवा होता. काही महिन्यांनी मॅडम माझ्याबद्दल ‘तयार’ म्हणाल्या आणि तलासरीत वरचा वर्ग उघडला. ज्या मुलीसाठी मी एवढं गिळलं, तीच त्यात नव्हती. तिनं बारावी केली आणि गुजरातच्या हद्दीतल्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. त्या दिवसापासून मला मॅडमकडून एकच गोष्ट हवी होती. ‘चुकलं’ एवढा एक शब्द.

मागच्या हिवाळ्यात मॅडमना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेल्यासारखं झालं. सगळं कळायचं, पण शब्द सापडायचा नाही. हिना मॅडम मला जवळजवळ ओढूनच वाडीवर घेऊन गेल्या. मॅडम खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. त्यांची पुतणसून बिचारी प्रेमानं करत होती, पण मॅडमनी ‘पा...’ म्हटलं की ती लगेच ‘पाणी? पांघरूण? पाय दाबू?’ मॅडम डाव्या हातानं गादी आपटायच्या. दुसऱ्या कोणाची अशी अवस्था बघितली असती तर मला वाईट वाटलं असतं. मला तेव्हा वाटलं, बरी खोड मोडली. तसंच वाटलं, खोटं कशाला लिहू?

आणि मी विचारलं. आजारी माणसाला विचारू नये, तरी विचारलं. ‘मॅडम, सुनीताच्या बाबतीत तुमचं चुकलं की नाही?’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलायला लागले. पुतणसून म्हणाली, त्यांना फार वाईट वाटतंय हो. हिना मॅडम म्हणाल्या, ‘सर, सॉरी म्हणतायत त्या, बघा ना.’ इतकी वर्षं ज्या शब्दासाठी तळमळलो तो असा आयता समोर आला होता. घ्यायचा आणि घरी जायचं. पण तो त्यांचा नव्हता. मी दोघींना गप्प राहायला सांगितलं. खुर्ची खाटेजवळ ओढली आणि बसलो. बाहेर वाडीत चिकू उतरवणारी माणसं बोलत होती, त्यांचं बोलणं संपलं, ती निघून गेली. मॅडमच्या कपाळावर घाम आला होता.

‘परत,’ त्या म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. ‘उभी... करीन.’

म्हणजे परत संधी मिळाली तरी तिला परत उभी करीन! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, ‘मग मीही परत मध्ये बोलेन.’ त्यांचं तोंड एका बाजूला वळलं. हसल्या की झटक्यानं तसं झालं होतं ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. पायात चपला सरकवल्या आणि निघालो. त्यानंतर त्यांची-माझी भेट नाही.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा वाटलं, सुनीताला न विचारता तिच्याबद्दल लिहिणं बरं नाही. परवा ती तलासरी नाक्यावर भेटली. कामावरून येत होती, स्कूटर बाजूला घेतली. मी तिला मॅडम गेल्याचं सांगितलं आणि शेवटच्या भेटीत त्या काय म्हणाल्या तेही सांगितलं. वाटलं, ती चार शिव्या देईल आणि मला बरं वाटेल. ती थोडा वेळ हँडलशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, ‘खांब चांगले की वाईट तसं नव्हतंच सर ते. बाबा न् काका आधीपासूनच बोलत नव्हते. खांबाचं निमित्त झालं. मी ते जपानीत जुळवत होते.’

मी विचारलं, ‘मग सोडलंस का?’

‘सगळे बघत होते ना, सर.’

घ्या! म्हणजे उत्तर होतं हे मॅडमचं खरं, आणि त्या उत्तरासाठी त्यांनी पोर गमावली हे माझं खरं. मी काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, ‘थांबा, बघते येतं का.’ मान खाली घालून सुरुवात केली, ‘वाताशी वा...’ म्हणजे ‘मी...’ आणि अडली. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. भाजीवाली आमच्याकडे बघत होती. पुढचा शब्द मला येत होता, अगदी जिभेवर होता, आणि मी दात आवळून उभा राहिलो. सुनीताचे ओठ दोनदा हलले. मग तिनं मान हलवली.

‘गेलं सर सगळं,’ म्हणाली, आणि स्कूटर सुरू करून पाड्याच्या रस्त्याला लागली.

मी थांबलो होतो, मॅडम. तुम्ही शिकवलंत तसाच, शेवटपर्यंत थांबलो होतो.