वायचचं माप

माझ्या सासूबाई नलिनी मूळच्या मालवणकडच्या. लग्न करून मुलुंडला आल्या, तरी जेवण वाढताना तोंडात मालवणीच. त्यांचा लाडका शब्द 'वायच'. म्हणजे थोडंसं. पण त्यांच्या हातात डाव आला, की वायच भाताचा ताटात डोंगर होतो. 'नको' म्हटलं, तर त्यांना 'अजून घाला' असं ऐकू येतं.

सासऱ्यांची साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, "सगळं खा, भात तेवढा कमी करा." मी डाएटचं नुसतं नाव काढलं, तर सासरे माझ्यावरच उखडले. "मी काय ससो आसय, गाजरां चावूक?" मीही भडकले. खा मग काय खायचं ते!

रविवारी बांगड्याचं तिखलं होतं. सासूबाई डाव उचलणार, तेवढ्यात सासऱ्यांनी तो काढून घेतला. "आज मी वाढतंय. तू बस गो." आणि त्यांनी बायकोच्या ताटात भातावर भात घातला.

सासूबाई ओरडल्या, "अहो, माका मारतल्यात काय?"

"वायचच तर आसा," सासरे शांतपणे म्हणाले. "तुझ्याच मापान."

सासूबाई ताटाकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या, की ठसकाच लागला.

तेव्हापासून आमच्याकडे जो तो आपल्या हाताने वाढून घेतो. आधी भाजी, मग मासे, भात शेवटी. सोलकढी मात्र कुणीही सोडलेली नाही.

परवा साखर उतरलेली बघून डॉक्टर खूश झाले. "कुठलं डाएट केलंत?"

दोघंही एकदमच म्हणाली, "वायच!"